मामाचं साडेचार एकर

मार्चात अथणी तालुक्यातल्या तेलसंगला मामाच्या बेदाणा शेडवर गेलो होतो. जाळ्यांवर द्राक्षं वाळत पडलेली, वाळवण्याआधी घड ज्यात बुडवतात त्या डिपिंग ऑईलचा वास नाकात. विजापूरच्या मित्रासाठी बेळगावातून घेतलेली ऑस्ट्रेलियन वाईन पिशवीत होती. मामा माळकरी, थेंबाला शिवत नाही. पण किमतीची चिठ्ठी मात्र त्यानं लगेच वाचली.

"ह्यात द्राक्षं किती?"

"किलो, सव्वा किलो."

"आणि दोन हजार? काय सांगुलालास लेका!"

त्याचं बरोबरच होतं. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा करून तासगावच्या सौद्यात बसणारा माणूस तो. म्हटलं, मामा, द्राक्ष हा त्यातला स्वस्त भाग. आपण घड जीएत, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिडच्या पाण्यात, बुडवून मणी फुगवतो; वाईनवाल्याला मणी बारीक आणि साल जाड हवी, कारण रंग आणि चव सालीत. भारी वाईनसाठी हिरवे घड कापून टाकतात, वेलीवर थोडेच ठेवतात.

"कापून टाकतात?" मामाला हे किमतीपेक्षा जास्त लागलं.

मग वाईन मुरवायचं पिंप. २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात तीनशे बाटल्या. नवं फ्रेंच पिंप लाखाच्या घरात जातं, म्हणजे ते एकदाच वापरलं तर बाटलीमागे तीनेकशे रुपये नुसत्या लाकडाचे. जर्मनीत मोझेल नदीकाठी चढ इतका उभा की सगळी कामं हातानं. मजुरी तिथंच चढते. ऑस्ट्रेलियाच्या रिव्हरलँडमध्ये सपाट रान, नदीचं पाणी, तोडणीला यंत्र, म्हणून तिथली वाईन स्वस्त. शॅम्पेनला तोडणी हातानंच करायचा नियम आहे, वर साधी बाटलीसुद्धा किमान पंधरा महिने तळघरात पडून. तेवढे दिवस पैसा अडकलेला. बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

कराचं तर आपण सीमेवरचे लोक जाणतोच. दारू जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा अबकारी कर वेगळा. तीच बाटली बेळगावात एका भावाला, महाराष्ट्राच्या हद्दीत शिनोळीला दुसऱ्या, चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की तिसऱ्याच. परदेशी वाईनवर आयात शुल्क दीडशे टक्के होतं; ऑस्ट्रेलियाशी करार झाल्यावर, २०२२ च्या डिसेंबरअखेर, पाच ते पंधरा डॉलरच्या बाटलीला ते शंभरावर आलं आणि दरवर्षी थोडं थोडं उतरतंय.

शेवटी फ्रान्सच्या बर्गंडीतल्या रोमाने-काँतीचं सांगितलं. मळा १.८ हेक्टर, वर्षाला पाच-सहा हजार बाटल्या, एकेक कित्येक लाखांची.

"१.८ म्हणजे?"

"साडेचार एकर."

मामाचंही नेमकं साडेचार एकर. बराच वेळ गप्प बसला.

"पाणी कुठलं त्यांना? बोअर की कॅनॉल?"

"पावसाचं. ठिबक चालतच नाही तिथं."

मामानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि जाळीवरचा माल हलवायला उठला.