आमची वाटचाल : रात्रभर पुरणारी बॅटरी

नारायणगावच्या पेठेत आमचं बॅटऱ्यांचं, म्हणजे टॉर्चचं, दहा बाय बाराचं दुकान आहे. गिऱ्हाईक ‘टॉर्च दाखवा’ म्हणालं की ते ट्रेकला निघालंय, आणि ‘बॅटरी दाखवा’ म्हणालं की त्याची आज रात्रीची लाईट आहे, हे मला मान वर न करता कळतं. रात्रीची लाईट म्हणजे काय ते इकडच्या माणसाला सांगायला नको. शेतीपंपाची थ्री फेज वीज रात्री, मग मोटर रात्री, उसाला पाणीही रात्रीच. आणि जुन्नर तालुक्यात उसात फक्त ऊस नसतो, बिबट्याही असतो. बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला उजेड ही आमच्याकडे चैनीची वस्तू कधीच नव्हती.

वडील मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यातून बॅटऱ्या आल्या. पितळी, निकेल चढवलेल्या, दोन सेलच्या, तीन सेलच्या. बुडाच्या झाकणात जादा बल्ब ठेवायची जागा असायची. त्यांचा बारीक नाकाचा पक्कड, अर्धगोल कानस आणि सोल्डरिंग आयर्न आजही माझ्या टेबलावर आहे. पक्कडीच्या मुठीवरची सुतळी तेवढी मी दोनदा बदलली. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “बल्ब नंतर बघ. आधी करंटची वाट बघ.” सेलच्या टोपीपासून स्प्रिंग, बॉडी, स्विचची पट्टी, बल्ब, आणि परत सेल. ही वाट कुठेतरी तुटलेली असते, बहुतेक वेळा गंजाने. साधा सेल पाझरला तर त्याचा चिकट रस आम्लाचा, तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसायचा. अल्कलाईन सेल पाझरला तर उलटं, तिथे लिंबू चालतं. आजही लोक दोन्हीला सरसकट पॉलिश पेपर मारतात आणि वरचा मुलामा घालवून बसतात. मग पुढच्या पावसाळ्यात तीच बॅटरी पुन्हा माझ्याकडे.

२००५ ते २०१५ धंदा नीट चालला, बल्ब गेले, एलईडी आले, आम्हीही बदललो. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचंय ते २०१६ बद्दल. त्या वर्षी समोरच्या रांगेत एक नवं दुकान झालं. नाव घेत नाही, ते दुकान आजही आहे. त्यांनी बाहेर बोर्ड लावला, ‘एक लाख लुमेन, फक्त साडेतीनशे’. लुमेन म्हणजे उजेडाचं माप. साडेतीनशेत एक लाख लुमेन! आमच्याकडचं गिऱ्हाईक महिन्याभरात निम्म्यावर आलं. वीस वर्षांची ओळख असलेली माणसं पिशवीत तो डबा घेऊन आमच्या दारावरून जायची आणि मान खाली घालायची. मला रात्र रात्र झोप नव्हती. शेवटी जे करायला नको होतं ते मी केलं. दिवाळीच्या तोंडावर मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून तसाच माल उचलला, ३४० नग, रोख पैसे मोजून. सेलवर छापलं होतं ९९०० एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती वीज साठते त्याचा आकडा. मी या धंद्यातला माणूस, मला कळायला हवं होतं. १८६५० हे त्या चार्जिंगच्या लिथियम सेलचं माप, आणि त्या मापाच्या चांगल्यात चांगल्या सेलमध्ये तेव्हा साडेतीन हजारांच्या आसपास माल मावायचा. नऊ हजार त्यात कोंबायला जागाच नाही. तरी मी घेतला, कारण समोर बोर्ड होता.

दिवाळी झाली आणि आठ नोव्हेंबरला नोटाबंदी आली. बाजारात रोकड नाही, कांद्याला भाव नाही, आमचे पैसे मालात अडकलेले. त्यातच एका रविवारी सकाळी सहा पोरं दुकानात आली. आदल्या दिवशी खिरेश्वरवरून हरिश्चंद्रगड करून उतरत होती, बॅटऱ्या आमच्याकडूनच नेलेल्या. तोलार खिंडीच्या वरच्या कातळटप्प्यावर अंधार पडला. पहिली बॅटरी चाळीस मिनिटांत गेली. दुसरी त्यानंतर दहा मिनिटांत. मंद होत गेल्या नाहीत, एकदम बंद. उरलेल्या रात्रीत ती पोरं दगडाला पाठ लावून बसून राहिली. त्यातल्या एकाने काही न बोलता दोन्ही बॅटऱ्या काउंटरवर ठेवल्या. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

ती गेल्यावर मी शेजारच्या सोनाराकडून त्याचा काटा मागून आणला. आमच्याकडच्या जुन्या, खात्रीच्या सेलचं वजन भरलं सेहेचाळीस ग्रॅम. त्या ९९०० वाल्याचं एकोणतीस. दुसरा उचलला, तीस. पक्कडीने एकाचं कव्हर सोलायला लागलो तर मुलीने हात धरला, आणि बरं केलं. लिथियमचा सेल असा फोडायचा नसतो, आग धरतो.

सगळा माल परत बोलावला. ज्यांच्याकडे बिल होतं त्यांना पैसे दिले, ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनाही दिले. २१२ नग विकले होते, १७१ परत आले. मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन केला, तो म्हणाला, “शेठ, या मालाला वॉरंटी नसते, तुम्हाला माहीत होतं.” माझ्या डोक्यात ते वाक्य अजून आहे. पैसे त्याने दिले नाहीत ते नाहीतच. पत्नीच्या पाटल्या गहाण पडल्या. दोन महिने दुकानाचं शटर फक्त सकाळी उघडत होतो. समोरचा मात्र तोच माल विकत राहिला, त्याच्याकडे परत आणणाऱ्याला तो ‘पाण्यात पडली असेल’ एवढंच सांगायचा. त्याचं काही बिघडलं नाही, हे मी आजही विसरलेलो नाही.

त्या थंडीत ओतूरकडचे नाना आले नसते तर आज हे लिहायला मी दुकानात नसतो. नाना वडिलांचं गिऱ्हाईक. त्यांची तीन सेलची पितळी बॅटरी दर वर्षी मृगाच्या आधी आमच्याकडे यायची आणि घासूनपुसून जायची. त्या डिसेंबरात ते युरियाची रिकामी गोणी खांद्यावर घेऊन आले आणि काउंटरवर उपडी केली. वाडीतल्या तेवीस जुन्या बॅटऱ्या. मी म्हटलं, “नाना, याचे सेल आता परवडत नाहीत कुणाला.” ते म्हणाले, “बाळा, उजेड कमी असला तरी चालंल. पण मधीच दगा द्यायला नको. तुझ्या बापाच्या बॅटरीनं आधी पिवळं पडून सांगितल्याशिवाय कधी अंधार केला नाही.”

त्या वाक्यावर मी तीन आठवडे काम केलं. साध्या बल्बचा उजेड आधी पिवळा होतो, मग तांबडा, म्हणजे घरी परतायला वेळ मिळतो. स्वस्त चार्जिंगच्या बॅटरीत सेलचं रक्षण करणारं सर्किट एका क्षणात पुरवठा तोडतं, तेही सर्किट असलंच तर. मी त्या पितळी बॉड्यांमध्ये एकेक १८६५० सेल बसवला. तो अंगाने बारीक, म्हणून पाऊण इंची पीव्हीसी पाईपची नळी कापून त्यात घातला, खाली उरलेल्या जागेत पितळी बोल्ट. पुढे एक एलईडी, तिची पाठ पितळेला चिकटवलेली, म्हणजे उष्णता बॉडीत उतरते. सोबत ३५० मिलिअँपिअरच देणारं छोटं सर्किट. २६०० चा खरा सेल त्यावर सात तासांहून जास्त चालतो आणि शेवटी शेवटी मंदावत जातो, दगा देत नाही. तेवीसच्या तेवीस बॅटऱ्या जानेवारीत परत गेल्या. फेब्रुवारीत शेजारच्या दोन वाड्यांतून गोण्या आल्या. त्यातून पाटल्या सुटल्या.

तेव्हापासून दुकानात एक नियम आहे. नवं मॉडेल विकायला ठेवण्याआधी एक रात्र ते माझ्या घरी जळतं. मुलीने घेतलेला लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, एक मीटरवर ठेवतो आणि दर अर्ध्या तासाचा आकडा वहीत जातो. मग बादलीत अर्धा तास. मग काउंटरच्या उंचीवरून फरशीवर. वहीत नाव नसलेली बॅटरी आम्ही विकत नाही, कंपनी कितीही मोठी असो.

ट्रेकवाल्या पोरांना माझं सांगणं असतं की लुमेनचा आकडा बघून हुरळू नका. लुमेन म्हणजे एकूण उजेड. तो किती लांब जातो ते कँडेलावर, म्हणजे एका दिशेला तो किती एकवटलाय त्यावर, ठरतं, आणि दुप्पट लांब न्यायला चौपट कँडेला लागतात. उसातले डोळे बांधावरून दिसायला हवेत तर लांब फेकणारी बॅटरी घ्या. पायाखालची वाट हवी तर पसरट उजेडाची हेडटॉर्च, दोन्ही हात मोकळे राहतात. एकच वस्तू दोन्ही कामं करते असं सांगणाऱ्यापासून सावध राहा. डब्यावर ‘एफएल १’ असं मानकाचं नाव असेल तर बरं, पण त्यातली गोम समजून घ्या. लुमेन मोजतात बॅटरी लावल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आसपास, आणि किती तास चालते ते मोजतात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. लांबीसुद्धा पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड उरतो तिथपर्यंतची. म्हणजे ‘२०० मीटर’ वाचून दोनशे मीटरवरचा माणूस ओळखू येईल असं समजू नका.

पावसाळ्यात डब्यावरचा पाण्यापासून बचावाचा आकडा बघा. आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोडे. आयपीएक्स ७ घ्या, ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. आणि झाकणाची रबरी रिंग वर्षातून एकदा काढून बघा, तिला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन लावू नका, त्याने बरीचशी रबरं फुगतात. धुक्यात कपाळावरचा उजेड डोळ्यांतच परत येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. हेडटॉर्च काढून कमरेजवळ धरा, वाट दिसते. हिमालयात जाणार असाल तर जादा सेल रात्री झोपायच्या पिशवीत अंगाजवळ ठेवा, आणि विमानात ते हातातल्या बॅगेत, सामानात नाही. काजवे बघायला भंडारदऱ्याला जाणाऱ्यांना तर माझी हात जोडून विनंती आहे, बॅटरी बंद ठेवा. काजव्याला आपला जोडीदार उजेडावरच शोधायचा असतो. वाटेसाठी लागलीच तर बोटांच्या फटीतून पायाशी सोडा. हे सांगितलं म्हणून मागच्या वर्षी एका ग्रुपने माझ्याकडे खरेदी केली नाही. चालेल.

काउंटरवर सगळं हाताळून, मला अर्धा तास प्रश्न विचारून, दारातच फोनवर तीच वस्तू चाळीस रुपये कमीने मागवणारेही येतात. त्यांचंही मी ऐकून घेतो. सेल बिघडला की दुरुस्तीला ते इथेच येणार, आणि मी करून देणार.

नाना आता ऐंशीच्या पुढे आहेत, मोटर चालू करायला नातू जातो. पण बॅटरी त्यांची तीच. यंदाही मृगाच्या आठ दिवस आधी आली. सेल ठीक, उजेड ठीक, स्विचच्या पट्टीचं रिव्हेट तेवढं सैल झालंय. त्या मापाचं पितळी रिव्हेट आता इकडे मिळत नाही. मंगळवारी पुण्याला तपकीर गल्लीत जाणार आहे, तिथे एका जुन्या दुकानात डबाभर बघून ठेवलीत.