आण्णांचा वस्तरा

आण्णा, म्हणजे माझे आजोबा, अंगणातल्या खांबाला आरसा टांगून रोज स्वतःच्या हाताने दाढी करायचे. ते गेल्यावर त्यांचा वस्तरा वीस वर्षं ट्रंकेत पडून होता. गेल्या दिवाळीत उघडला तर पात्यावर गंज चढलेला, पात्यांसाठी नावाजलेल्या जर्मनीतल्या ‘सोलिंगेन’ गावाचा शिक्का जेमतेम वाचता येत होता.

गंज सगळीकडे सारखा नव्हता. वस्तरा मिटल्यावर जेवढं पातं मुठीत जातं, तेवढ्यावरच दाट. मूठ दिसायला हस्तिदंती, पण सेल्युलॉइडची. जुनं सेल्युलॉइड सडू लागलं की त्यातून आम्लाचे वाफारे सुटतात. पातं जपायला केलेली मूठच ते खात होती. ती बदलायची, हे तिथेच ठरलं.

रिव्हेटची डोकी कानशीने घासून मूठ सोडवली. पात्याला मशीन लावलं नाही. एवढं पातळ पोलाद तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही. धारेवर चिकटपट्टी लावली, बुचाला वॉटर पेपर गुंडाळला आणि 400 नंबरपासून 2000 पर्यंत हातानेच घासलं. तीन रविवार गेले. शिक्क्यापाशी हात आखडता घेतला. पाठीकडे काही खड्डे राहिले, ते राहू दिले. धारेपाशी एकही नव्हता.

मुठीसाठी वखारीतून शिसवीची गाठ आणली. गाठीत रेषा सरळ जात नाहीत, भोवरे घेतात. म्हणून ती देखणी, आणि म्हणूनच दगाबाज. मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडली तर दोन्ही फळ्यांवर एकच नक्षी, समोरासमोर. मास्क लावून (शिसवीचा भुसा घशाला फार झोंबतो) दोन्ही पट्ट्या 3 मिमीपर्यंत आणल्या. भेगांत फेव्हिक्विक भरलं. जवसाच्या तेलाचा पहिला हात फिरला आणि काळे-तांबूस भोवरे एकदम वर आले. बराच वेळ नुसता बघत बसलो.

मग रिव्हेट म्हणून 1.6 मिमीची पितळी तार ठोकताना हातोडी जोरात पडली आणि एक पट्टी भोकापासून उभी तडकली. दोन दिवस कामाला हात लावला नाही. उरलेल्या तुकड्यातून दुसरी केली, पण समोरासमोरची नक्षी गेली ती गेलीच. या वेळी भोक किंचित सैल ठेवलं आणि मनगटाच्या नुसत्या वजनाने टिचक्या दिल्या.

धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवायच्या. कोन पाठीच्या जाडीतूनच मिळतो. 1000, 4000, 8000 नंबरचे, म्हणजे बारीक होत जाणारे दगड, मग चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून 60 फेऱ्या.

पहिली दाढी केसांच्या दिशेनेच केली. दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं पातं गालावर बारीक वाजतं. बाबा आवाज ऐकून दारात आले. “आण्णांचा असाच वाजायचा,” म्हणाले.

आता रोज पातं कोरडं करून तेलाचं बोट फिरवतो. जुन्या मुठीचे तुकडे टाकवत नाहीत. ते वस्तऱ्यापासून लांब, गच्चीवरच्या कपाटात, बिनझाकणाच्या डब्यात ठेवलेत.