आत्याची सही कुठून आणायची?

गोव्यात माणसं शोधायची वेळ कुणावरही येते आणि बहुतेक वेळा ती घर-जमिनीवरूनच येते. इथं वारसाहक्क पोर्तुगीज काळापासून मुलगा-मुलगी दोघांनाही सारखा, आणि सहसा नवरा-बायकोचा निम्मा-निम्मा हिस्सा, त्यामुळे जुनं घर विकायचं सोडाच, नीट वाटण्या करायच्या म्हटल्या तरी आत्याची सही हवी, तिच्या यजमानांची हवी, आत्या नसेल तर तिच्या मुलांची आणि सुनांची हवी. आणि ती मुलं कुठं? एक दादरला, एक लिस्बनला, एकाचं कुणालाच काही माहीत नाही.

आमच्या घरात हे काम माझ्या गळ्यात पडलं ते "तू दिवसभर मोबाइलवरच असतेस ना" एवढ्याच पात्रतेवर. शोधायची होती आजोबांच्या धाकट्या बहिणीची मुलं. लग्न झालं तेव्हा तिचं आडनावच नाही तर नावपण बदललं, तेव्हा तशीच पद्धत होती, म्हणजे माहेरी जे नाव सगळ्यांच्या तोंडात ते सासरच्या एकाही कागदावर नाही. आता गूगलला विचारायचं तरी काय?

फेसबुक, ट्रूकॉलर हे सगळं करून झालं. ट्रूकॉलरवर नंबर टाकला की नाव येतं, पण मुळात नंबरच नसेल तर? आणि येणारं नावसुद्धा लोकांनी आपापल्या फोनमध्ये जे सेव्ह केलंय त्यावरून, 'नाईक प्लंबर फोंडा' टाइप. पूर्वी टेलिफोन डिरेक्टरी असायची, आडनाव आणि गाव बघून चार फोन फिरवले की माणूस मिळायचा. मोबाइल नंबरांची अशी सरकारी डिरेक्टरी भारतात नाहीच, त्यामुळे पैसे घेऊन कुणाचाही नंबर देतो म्हणणाऱ्या साइट दिसल्या की सरळ टॅब बंद करा.

मतदार यादी ऑनलाइन आहे, पण तिची पीडीएफ उघडायला आधी मतदारसंघ माहीत पाहिजे. गोव्यात ४० मतदारसंघ, एकट्या फोंडा तालुक्यात फोंडा, शिरोडा, मडकई, प्रियोळ असे चार, तेव्हा नुसतं 'फोंड्याला दिली होती' एवढ्यावर भागत नाही. पीडीएफ फोटोसारखी असते, त्यात शोध चालत नाही, डोळे फोडत एकेक चौकट वाचायची. एक फायदा मात्र मोठा, घर नंबर दिलेला असतो आणि बाईच्या नावाखाली नवऱ्याचं नाव असतं, त्यामुळे एक माणूस सापडला की त्याच घर नंबरावरून अख्खं कुटुंब सापडतं.

जमिनीचा वन-फोर्टीन, म्हणजे आमच्याकडचा सातबारा समजा, तोही सर्व्हे नंबर टाकून ऑनलाइन बघता येतो. पण म्युटेशन, म्हणजे फेरफार, न केलेल्या जमिनीवर अजून पणजोबाच मालक! तरी 'अदर राइट्स'चा रकाना सोडू नका, भाटात, म्हणजे माडांच्या बागायतीत, मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर असेल तर त्याचं नाव कधीकधी तिथं असतं, आणि भाटकार, म्हणजे जमीनमालक, कुठं गेला हे मुंडकाराच्या घरी हमखास माहीत असतं.

खरं घबाड आहे ते राजपत्रात, आणि तिकडे कुणी बघतच नाही. सरकारी गॅझेटची तिसरी मालिका उघडा. वारसाचं डीड सब-रजिस्ट्रारकडच्या स्पेशल नोटरीकडे झालं की त्याची नोटीस तिथं छापून येते, मयत कोण, मागे 'विडो अँड मॉइटी होल्डर', म्हणजे निम्म्या हिश्श्याची मालकीण असलेली विधवा, कोण, मुलगे कोण, त्यांच्या बायका कोण, मुली कुणाला दिल्या, सगळं एका परिच्छेदात. नाव बदलायच्या नोटिसापण तिथंच, जुनं नाव, नवं नाव आणि ३० दिवसांत हरकत घ्या म्हणून. आम्हाला आजोबांच्या बहिणीच्या यजमानांची नोटीस अशीच मिळाली, तिच्यात त्या बहिणीचं सासरचं नाव आणि चारही मुलं सुनांसकट. माझ्या आईनं ती इतक्यांदा वाचली की मला फोन परत मागून घ्यावा लागला.

पण स्पेलिंग! आजचं जे शिरोडकर ते जुन्या कागदात एक्सने सुरू होतं, कामतचं कामोतिम होतं, प्रभूचं पोरोबो, शेणवीचं सिनाय. शेवटचं 'कर' 'के'ने नाही, 'सी'ने. श दिसला की एक्स आणि क दिसला की सी किंवा क्यू घालून परत शोधायचं, नाहीतर रेकॉर्ड समोर असून सापडत नाही.

नावं मिळाली, पत्ते नाहीत. तिथं कामाला आली मराठी पेपरातली निधनवार्ता. 'त्यांच्या पश्चात दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे' याच्या पुढची ओळ वाचायची, 'अमुक शाळेचे निवृत्त शिक्षक यांच्या त्या मातोश्री होत', की झालं, शाळेत विचारा. आणि देवस्थान. सासरचा कुलदेव कळला की तिथली महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांची, यादी असते, जत्रेला मुंबईहून येऊन अग्रशाळेत कोण उतरतं हे भटजींना पाठ असतं. भटजींनीच धाकट्या मुलाचा नंबर दिला, तोसुद्धा आधी त्याला विचारून, आणि ते मला फार आवडलं.

कारण हे सगळं उलट्या कामालाही लागतं. माझं हे प्रकरण ऐकून ओळखीतल्या एकांनी त्यांच्या घर सोडून गेलेल्या सुनेचा पत्ता काढायला सांगितला. मी नाही म्हटलं, त्यांना राग आला, येऊ दे.

नंबर मिळाल्यावर पहिल्या फोनवर घराचा विषय काढू नका एवढं सांगते. पलीकडचा माणूस आधीच धास्तावलेला, त्याला वाटतं केवायसीवाला. "तुमच्या आईच्या माहेरून बोलतेय" म्हटल्यावर काका जरा गप्प झाले, मग त्यांनी परीक्षा घेतली, माहेरच्या घरामागे विहीर होती का तळी? तळी, मी म्हटलं. मग पाऊण तास बोलले. सहीचं अजून बोलायचंय, ते आई बोलणार आहे.