सरदेसाईंचं पान

2 जुलै 2007. पणजीत पाऊस धो धो कोसळत होता आणि मी क्रीडापानाच्या रात्रपाळीला होतो. आदल्या दिवशी बेलफास्टला भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्धची वनडे मालिका जिंकली होती, विम्बल्डन तिथल्या पावसात अडकलं होतं. पान लागत आलं असताना पीटीआय या वृत्तसंस्थेवर बातमी पडली: माजी कसोटीपटू दिलीप सरदेसाई मुंबईत गेले. वय 66.

वृत्तसंपादक म्हणाले, "दोन कॉलम घे, जुना फोटो लाव आणि पान सोड. डाक आवृत्तीची गाडी थांबणार नाही."

एजन्सीच्या कॉपीत शेवटी नेहमीची ओळ होती. 30 कसोटी, 2001 धावा, सरासरी 39.23, पाच शतकं. ही ओळ वाचली तर दोन कॉलमही खूप झाले, असंच कोणीही म्हणेल. पण मडगावात जन्मलेला हा माणूस तोवर गोव्याने भारताला दिलेला एकमेव कसोटीपटू होता. शिवाय सरासरी काढताना फलंदाज आला तेव्हा फळ्यावर काय लागलं होतं, हे कोणी विचारत नाही.

मी लायब्ररीतून 1971 च्या वेस्ट इंडीज दौऱ्याचे धावफलक काढले. त्या दौऱ्यासाठी सरदेसाईंची निवडच जेमतेम झालेली. नवा कर्णधार अजित वाडेकर आग्रही राहिला म्हणून ते विमानात बसले. किंग्स्टनला पहिला दिवस पावसात गेला आणि पुढे भारत 5 बाद 75. तिथून एकनाथ सोलकरबरोबर 137, मग चक्क गोलंदाज प्रसन्नाबरोबर 122. सरदेसाई 212, भारत 387. समोरचे 217 मध्ये आटोपले. एक दिवस वाया गेल्यामुळे फॉलोऑनला, म्हणजे मागे पडलेल्या संघाला लगेच पुन्हा खेळायला लावायला, 200 ऐवजी 150 ची आघाडी पुरत होती, आणि वाडेकरने वेस्ट इंडीजचा कर्णधार सोबर्सच्या संघाला पुन्हा फलंदाजीला बोलावलं. वेस्ट इंडीजला भारताने फॉलोऑन दिला! पुढच्याच कसोटीत पोर्ट ऑफ स्पेनला सरदेसाई 112, आणि वेस्ट इंडीजविरुद्धचा आपला पहिला विजय.

मला मात्र ब्रिजटाउनचा फलक जास्त आवडला. समोर 5 बाद 501, आणि आपण 6 बाद 70. सोलकरबरोबर पुन्हा 186. नववा गडी 285 वर पडला तेव्हा फॉलोऑन टाळायला आणखी 17 धावा हव्या होत्या आणि आत आला फिरकी गोलंदाज बिशनसिंग बेदी. (बेदीची फलंदाजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अधिक सांगायला नको.) शेवटच्या जोडीने 62 जोडल्या. सरदेसाई 150. सामना अनिर्णित सुटला आणि मालिकेतली 1-0 आघाडी टिकली. मालिकेत त्यांच्या एकूण धावा 642. पण त्याच मालिकेत एका नवख्या पोराने चार कसोटींत 774 केल्या, आणि लोकांच्या लक्षात गावस्कर राहिला.

हे सगळं भराभरा टाइप करून मी प्रूफ काढलं. आमचे मुद्रितशोधक काका निवृत्तीला आलेले. क्रिकेटशी त्यांना देणंघेणं नव्हतं, फुटबॉलवाला माणूस. पदार्पणाच्या ओळीवर त्यांचं पेन थांबलं: कानपूर, इंग्लंडविरुद्ध, 1 डिसेंबर 1961.

"तारीख बरोबर आहे?"

"बरोबर आहे. का?"

"अरे, मग मडगाव तेव्हा पोर्तुगालात!"

गोव्यात डिसेंबर 1961 म्हटलं की 19 तारीख, गोवा मुक्तीची. सैन्य आत यायला अजून दोन आठवडे होते आणि मडगावचा मुलगा भारताकडून कसोटी खेळत होता. चार वर्षांपूर्वी, 1957 मध्ये, कुटुंब मुंबईला गेलं म्हणून हे शक्य झालं. मडगावात राहिला असता तर त्याला खेळायला क्रिकेट तरी कुठलं होतं?

मी प्रूफ घेऊन वृत्तसंपादकांकडे गेलो. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तारखेकडे. "चार कॉलम कर. विम्बल्डन खाली ढकल. पण दहा मिनिटांत."

दहा मिनिटांत काय काय बसणार? मथळ्याखालीच 1 आणि 19 डिसेंबर या दोन तारखा घेतल्या आणि किंग्स्टन, ब्रिजटाउनची चौकट केली. मुंबईच्या ब्रेबर्न मैदानावर 1965 मध्ये न्यूझीलंडविरुद्ध भारत 88 वर गारद होऊन फॉलोऑनमध्ये सापडला असताना काढलेल्या नाबाद 200 एका वाक्यात उरकाव्या लागल्या. 1971 च्या इंग्लंडमधल्या ओव्हल विजयातल्या 54 आणि 40 तर कापल्याच. मला वाटतं ते 40 त्यांच्या एखाद्या शतकाइतके मोलाचे होते, पण जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मडगावहून एका वयस्कर वाचकाचा फोन आला. पान आवडलं म्हणाले. तक्रार एकच होती: "सरदेसाईंच्या बातमीत गावस्करचे 774 कशाला घातलेत?"