नागीण, गेरू आणि ७२ तास

आमच्याकडे अजूनही कुणाला नागीण झाली की आधी ती उतरवणारा शोधतात, डॉक्टर नंतर. आत्याला झाली तेव्हा तेच. कमरेच्या एकाच बाजूला फोडांची रांग, नुसती आग आग, साडीची गाठसुद्धा टेकवून घेईना, आणि घरात चर्चा काय तर तोंड-शेपूट जुळलं की संपलं सगळं. अहो पण ती सहसा जुळतच नाही! लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो व्हायरस मणक्याजवळ नसेच्या (रक्ताची नव्हे, मज्जातंतूची नस) मुळाशी वर्षानुवर्षं दडून बसतो, आणि उठला की त्याच नसेच्या वाटेने कातडीपर्यंत येतो, आता ती नस जाते एकाच बाजूला, मग फोड पलीकडे जातील कसे?

गेरू लावून पहिले दोन दिवस गेले. राग येतो तो याचाच, कारण असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर हे व्हायरसवरचं औषध फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करायचं असतं. आत्याची पहिली गोळी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोटात गेली, असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅमची, दिवसातून ५ वेळा, ७ दिवस.

हे असायक्लोव्हिर ज्या टीमने काढलं त्यात गर्ट्रूड एलियन होत्या. न्यूयॉर्कच्या बाई, पीएचडी नाही, सुरुवातीला लॅबमध्ये कुणी घेईना म्हणून एका किराणा कंपनीसाठी लोणच्याचा आंबटपणा तपासायचं काम केलं (लोणचं!!), पुढे बरोज वेलकम या औषध कंपनीत गेल्या आणि १९८८ ला नोबेल.

आणि काय डोकं लावलंय बघा. ही गोळी म्हणजे डीएनएतल्या एका तुकड्याची अर्धवट नक्कल. नुसती असते तेव्हा निरुपद्रवी. तिला एकापाठोपाठ तीन फॉस्फेट चिकटावे लागतात, आणि त्यातला पहिला चिकटवतं थायमिडिन कायनेज नावाचं व्हायरसचं स्वतःचं एन्झाइम, म्हणजे चोराच्याच हातून कुलूप लावून घेतल्यासारखं, उरलेले दोन आपली पेशी चिकटवते. मग व्हायरस नवा डीएनए बनवताना हा तुकडा घेतो आणि फसतो, कारण पुढचा जोडायला याला टोकच नसतं. निरोगी पेशीत ते एन्झाइम नाही म्हणून तिथे जवळपास काही होत नाही. ओठावर येणाऱ्या हर्पिसच्या व्हायरसकडेही असं एन्झाइम असतं, म्हणून त्यावरही हेच औषध चालतं.

पण नसेत गप्प पडलेला व्हायरस डीएनए बनवतच नाही ना, मग त्याला गोळी काय करणार. आणि काही व्हायरस ते एन्झाइमच टाकून देतात, विशेषतः ज्यांची प्रतिकारशक्ती फार कमी आहे अशा पेशंटमध्ये, तिथे असायक्लोव्हिर गप्प. म्हणून आता हेलिकेज-प्रायमेज नावाच्या व्हायरसच्या दुसऱ्याच एन्झाइमवर घाव घालणारी औषधं येतायत, त्यातलं अमेनामेव्हिर जपानमध्ये २०१७ पासून नागिणीसाठी मिळतं. अमेरिकेत सिएटलच्या फ्रेड हच या संशोधन संस्थेत तर ओठावरच्या हर्पिसचा नसेत लपलेला डीएनएच कापून टाकायचा प्रयत्न चाललाय, उंदरांमध्ये बराचसा गेलाही, माणसापर्यंत यायला वेळ आहे.

आत्याचे फोड सुकले, आग मात्र अजून आहे. गोळ्या वेळेत घेतल्या तरी ती राहू शकते असं डॉक्टर म्हणाले, त्यामुळे घरात आता गेरूवाल्यांना आयतंच बोलायला मिळालंय. असो. किडनीचा त्रास असेल तर डोस कमी करावा लागतो, तो डॉक्टरांनाच ठरवू द्या, आणि फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर आले तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे पळा, डोळा जाऊ शकतो.