बाबांचा कॉम्प्युटर, दहा मिनिटांचं लॉक आणि मिरज

मागच्या महिन्यात मंगळवारी भर दुपारी बाबांचा फोन. "अरे कॉम्प्युटर लॉक झालाय, दुकानात घेऊन आलोय, हा मुलगा म्हणतोय फॉरमॅट मारायला लागेल, मारू का?" मी ऑफिसात होतो, तसाच उठून जिन्यात आलो आणि म्हटलं बाबा काही करू नका, त्याला हात लावू देऊ नका, रिक्षात घाला आणि आधी घरी आणा. त्या मशीनवर बाबांचं अकरा वर्षांचं काम आहे. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत, जुन्या पत्रांचे स्कॅन, आजोबांच्या वहीचे फोटो, सगळं. बॅकअप एका पेनड्राइव्हवर होता खरा, पण तो कधीचा हे बाबांनाही सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. नेमकं काय झालं ते आधी शांतपणे ऐकून घेतलं आणि ऐकता ऐकता कळलं की कॉम्प्युटर लॉक झालेलाच नाहीये! बाबांचं रोजचं अकाउंट मस्त उघडत होतं, फाईली सगळ्या जागच्या जागी होत्या. लॉक झालं होतं ते मशीनमध्ये बदल करायचे सगळे अधिकार असलेलं, म्हणजे अ‍ॅडमिनचं अकाउंट. विंडोज 10चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला बंद झाला म्हणून त्या दिवाळीत मी त्यांना नवीन डेस्कटॉप घेऊन दिला होता, विंडोज 11 प्रो, आणि सेटअप करतानाच दोन अकाउंटं केली, एक अ‍ॅडमिन आणि एक बाबांचं साधं स्टँडर्ड. म्हणजे चुकून कुठल्या लिंकवर क्लिक झालं तरी अ‍ॅडमिनचा पासवर्ड दिल्याशिवाय पूर्ण सिस्टीममध्ये बदल करणारं काही इन्स्टॉल होणार नाही. ही पद्धत मला आजही बरोबरच वाटते, घरात वयस्कर माणूस कॉम्प्युटर वापरत असेल तर हेच करा.

तर बाबांनी नवा प्रिंटर आणला, त्याचं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं, विंडोजने अ‍ॅडमिन पासवर्ड मागितला, बाबांनी डायरीत लिहिलेला टाकला, चुकला. परत टाकला, चुकला. मग कॅप्स लॉक बघितला, मग सावकाश एका बोटाने टाकला, आणि असं करत करत शेवटी अकाउंट लॉक झाल्याचा मेसेज आला, तो बघून ते घाबरले आणि थेट मशीन उचलून दुकानात.

आता हे लॉक म्हणजे काय ते सांगतो कारण इथेच सगळे घाबरतात. विंडोज 11च्या 22एच2 व्हर्जनपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये हे आपोआप चालू असतं, दहा मिनिटांत दहा वेळा पासवर्ड चुकला की अकाउंट दहा मिनिटं लॉक. बस एवढंच. कोणीतरी बाहेरून हजारो पासवर्ड मारून बघू नये म्हणून केलेली सोय आहे ती. दहा मिनिटं मशीनला हात लावायचा नाही, चहा घ्यायचा, लॉक आपोआप निघतं. फॉरमॅटचा इथे काही संबंधच नाही! त्या दुकानदाराने बाबांचं अकाउंट उघडून बघितलं असतं तरी त्याला फाईली समोर दिसल्या असत्या. मला राग आला तो याचाच. लोक विश्वासाने मशीन टेबलावर ठेवतात आणि समोरच्याला फॉरमॅट हा एकच उपाय येत असतो, मग कोणाचे मुलांचे फोटो जातात, कोणाचे हिशोब जातात, आणि त्याचे पैसे वर आपणच द्यायचे.

पण मग डायरीतला पासवर्ड चुकत का होता? बाबांना म्हटलं, पासवर्डच्या चौकटीत उजवीकडे डोळ्याचं चिन्ह आहे बघा, ते दाबून धरा आणि काय दिसतंय ते वाचा. बाबा थोडा वेळ गप्पच. मग म्हणाले, "क, मग नुसता ओकार, मग वेलांटी... हे काय आहे रे?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. बाबा दिवसभर मराठीत टाइप करतात, विंडोजच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, आणि पासवर्ड टाकताना कीबोर्ड मराठीतच राहिला होता. इनस्क्रिप्टमध्ये के वर क असतो, ए वर ओकार, आर वर दुसरी वेलांटी, डी वर हलन्त. म्हणजे समजा कोणी इंग्रजीत कराड टाइप करतोय तर आत जातंय क, ओकार, वेलांटी, ओकार आणि पाय मोडलेलं चिन्ह, आणि बाहेर दिसतायत फक्त काळे ठिपके, ठिपक्यांवरून कुठली भाषा ते कसं कळणार. मराठीत टाइप करणाऱ्या सगळ्यांना कळकळीने सांगतो, पासवर्ड चुकतोय म्हटलं की आधी कीबोर्ड कुठल्या भाषेत आहे ते बघा. लॉगिनच्या स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात भाषा लिहिलेली असते, विंडोजची की दाबून धरून स्पेसबार दाबला की ती बदलते. आणि डोळ्याचं चिन्ह वापरा, ते त्यासाठीच आहे.

कीबोर्ड इंग्रजी केला, दहा मिनिटं थांबलो, बाबांनी पासवर्ड टाकला. तरी चुकला.

इथे चूक माझी होती. जानेवारीत घरी गेलो होतो तेव्हा मी तो पासवर्ड बदलला होता, जरा मोठा केला होता, आणि डायरीत लिहायचं राहून गेलं. काय ठेवला ते मला काही केल्या आठवेना, दोन-तीन शक्यता बाबांकडून टाकून बघितल्या, नाही लागल्या. बाबांना म्हटलं आता राहू द्या, शनिवारी येतो. तोपर्यंत एकच काम करा, तुमच्या अकाउंटमधून सगळे फोल्डर नव्या पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. ते त्यांनी त्याच रात्री केलं आणि मग मला झोप लागली.

स्वारगेटहून कराडला जाताना बसमध्ये डोक्यात एकेक रस्ता तपासत होतो. अ‍ॅडमिन जर मायक्रोसॉफ्ट अकाउंट असतं तर मोबाईलवरूनच पासवर्ड रीसेट झाला असता, फक्त त्याला जोडलेला नंबर किंवा ईमेल चालू पाहिजे, कारण जुनं सिम बंद झालं असेल आणि सगळीच माहिती नव्याने भरायला लागली तर 30 दिवस थांबायला लागतं. पण मी लोकल, म्हणजे फक्त त्याच मशीनपुरतं, अकाउंट केलं होतं. मशीनवर दुसरा अ‍ॅडमिन असता तर त्याने दोन मिनिटांत याचा पासवर्ड बदलला असता, पण दुसरा केला नव्हता. विंडोजमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नावाचं एक लपलेलं अकाउंट असतं खरं, पण व्हिस्टापासून ते बंदच ठेवलेलं असतं आणि चालू करायला परत अ‍ॅडमिनच लागतो. यूट्यूबवर सिस्टीमच्या फाईली बदलून आत शिरायचे व्हिडिओ आहेत, पासवर्ड तोडणारी सॉफ्टवेअर आहेत, ती कुठून कुठून डाउनलोड करून बाबांच्या मशीनवर चालवायची माझी अजिबात तयारी नव्हती, त्यातून व्हायरस आला तर कुलवृत्तांताचं काय.

ज्यांचं एकच अकाउंट आहे आणि तेच अडकलंय त्यांच्यासाठी हे सांगतो. उबुंटूचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या एका फुकट सिस्टीमचा, बूट होणारा (ज्यावरून मशीन चालू होतं असा) पेनड्राइव्ह करून, काही इन्स्टॉल न करता, नुसतं ट्राय मोडमध्ये मशीन चालू करता येतं आणि आतल्या फाईली बाहेर काढता येतात. पण बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू असेल तर ते जमत नाही, तिथे 48 आकडी रिकव्हरी की लागते. ती बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, पण नसेल तर खुद्द मायक्रोसॉफ्टलाही डेटा काढता येत नाही. म्हणून मशीन चांगलं चालू असतानाच ती की शोधून कागदावर उतरवून ठेवा, आजच ठेवा.

आमच्याकडे उरला होता एकच रस्ता, सिक्युरिटी प्रश्न. लोकल अकाउंट करताना विंडोज तीन प्रश्न भरून घेतं, आणि लॉगिनला पासवर्ड एकदा चुकला की खाली पासवर्ड रीसेटची लिंक येते. ती दाबली. पहिला प्रश्न, जन्मगाव. टाकलं. दुसरा, लहानपणीचं टोपणनाव. त्यात स्पेलिंगची भीती होती पण मी नेहमी एकाच पद्धतीने लिहितो, ते टाकलं. तिसरा, तुमचे आईवडील कुठल्या गावात भेटले.

बाबा मागे उभे होते, लगेच म्हणाले कराड, आणखी कुठे, आमच्या वाड्यात बघायचा कार्यक्रम झाला, पोहे मीच जास्त खाल्ले. कराड टाकलं. चूक. एचचं स्पेलिंग घालून टाकलं, परत चूक. आता मला घाम फुटला, दिवाळीत मी हे काय भरलं असेल? आत्याच्या गावाचं नाव टाकू का, आजोळ टाकू का, असं बाबांशी बोलत होतो तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"मिरज टाक," म्हणाली. "तूच विचारलं होतंस की मला, मी करंज्या भरत होते तेव्हा. मीच सांगितलं मिरज म्हणून."

बाबा म्हणाले मिरज कुठून आलं मध्येच.

"शकूच्या लग्नात. तुम्ही पंगतीत वाढत होता, जिलबीचं ताट होतं हातात. कार्यक्रम त्यानंतर चार महिन्यांनी झाला. तुमच्या नसेल लक्षात, माझ्या आहे."

मी मिरज टाकलं, एंटर दाबलं आणि नवीन पासवर्ड टाका म्हणून चौकट आली. खरंच सांगतो, डोळ्यात पाणी आलं. बाबा आईकडे बघत होते आणि आई पुढे काही न बोलता आत गेली, कुकरची शिट्टी झाली होती.

नवीन पासवर्ड बाबांसमोर ठेवला आणि लगेच त्यांच्याच हस्ताक्षरात डायरीत लिहून घेतला, शेजारी "कीबोर्ड इंग्रजी" असंही लिहिलं. दुसरं अ‍ॅडमिन अकाउंट केलं, त्याचा पासवर्ड पाकिटात घालून पाकीट चिकटवलं आणि आईच्या गोदरेजच्या कपाटात एलआयसीच्या कागदांबरोबर ठेवलं. शिवाय कंट्रोल पॅनेलमधून एका छोट्या पेनड्राइव्हवर पासवर्ड रीसेट डिस्क बनवली. लोकल अकाउंटला ही सोय आहे आणि फार थोड्या लोकांना माहितीये, एकदा बनवली की पुढे पासवर्ड कितीदाही बदला, तीच चालते. फक्त ती ज्याच्या हातात पडेल तो आत जाऊ शकतो, म्हणून तीही कपाटातच, आईच्या ताब्यात. प्रश्नांची उत्तरं मात्र मी अजून बदललेली नाहीत. ती सगळ्या घराला माहितीयेत हे कळतंय मला, पण आमच्या घरी ते चालेल.

मग प्रिंटरचं सॉफ्टवेअर टाकलं, ज्याच्यासाठी एवढं सगळं झालं होतं. बाबांनी कुलवृत्तांताची आमच्या शाखेची चार पानं काढून आईला वाचायला दिली. आईने चष्मा लावून तिसरं पान वाचलं, पेन मागून घेतलं आणि लग्नाच्या ओळीच्या वर समासात काहीतरी लिहून पान बाबांना परत दिलं. बाबा खुर्ची ओढून बसले, कीबोर्ड मराठी केला आणि मिरजेचं लग्न टाइप करायला लागले, मधूनच आईला विचारत होते, महिना कुठला होता गं?