कंपासपेटीतली पट्टी आणि पापलेट

रविवारी वर्सोव्याच्या मासळीबाजारात जाताना मुलीच्या कंपासपेटीतली सहा इंची पट्टी खिशात टाकली. बायकोने बघितलं, पण काही विचारलं नाही. इतक्या वर्षांत तिने ते सोडून दिलंय.

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट आपला राज्यमासा झाला. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर पकडायचं नाही. साडेतेरा सेंटीमीटर म्हणजे काही फार नाही. आमच्या सीकेपी घरात आजी भरलेलं पापलेट करायची, हिरवी चटणी भरून दोऱ्याने बांधून. एवढ्याशा पापलेटात चटणी भरायची कुठे?

जून-जुलैची बंदी उठून होड्या नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. नेहमीच्या मावशींच्या पाटीत पापलेटांचा ढीग होता, सगळी माझ्या तळहाताहून लहान. एकावर पट्टी ठेवली. शेपटीसकट साडेअकरा.

"काय दादा, झबलं शिवतोस काय त्याला?"

आजूबाजूच्या चौघीजणी हसल्या. मी नियम सांगितला. एकदाही अंडी न घालता मासा ताटात आला तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येणार, हेही सांगितलं. हे मी कोळिणीला सांगत होतो, याची लाज मला घरी आल्यावर वाटली.

"जाळ्यात येतं ते काय वय सांगून येतं?" मावशी म्हणाल्या. तेही खरंच. डोलीच्या, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्याची मागची आस (जाळ्याची भोकं) इतकी बारीक असते की जवळाही सुटत नाही, मग पापलेटाचं पिल्लू कसं सुटणार? आणि ट्रॉलर तर तळ खरवडत जातात. "बोटवाल्यांना जाऊन मोज. आणि बंदीच्या आधी मोठं परवडत नाही, बारीक असेल तर दे, कोण म्हणालं?"

मीच म्हणालो होतो. तव्यात अख्खी चार बसतात म्हणून खूशही झालो होतो.

पापलेट नको म्हटलं आणि बोंबील मागितले. बोंबलाची मर्यादा १८० मिलिमीटर आहे आणि आपली पट्टी पंधरा सेंटीमीटरला संपते, हे मला तिथे उभं राहिल्यावर सुचलं. पट्टी पुढे सरकवून मोजेपर्यंत मावशींनी सगळ्यांची मुंडकी आणि शेपट्या उडवून पिशवी माझ्या हातात दिली होती.